ताज्या व्यायलेल्या गायीची फॅट एकदम वाढली? आधी किटोसिस तपासा

संकलन केंद्रावर फॅट चांगली लागली की दर वाढतो, म्हणून फॅट वाढणं ही गोठ्यात सरसकट आनंदाची गोष्ट समजली जाते. पण व्यायल्याला दोन आठवडे झालेल्या एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) संकरित गायीची फॅट ३.८ वरून ४.९ वर गेली आणि त्याच वेळी एसएनएफ (फॅट सोडून दुधातले प्रोटीन, लॅक्टोजसारखे घन घटक) खाली आला, तर ती फॅट बहुधा तुमच्या खुराकातून आलेली नसते. गाय अंगावरची चरबी वितळवून बादलीत ओतत असते. हे हाताबाहेर गेलं की त्याला किटोसिस किंवा कितनबाधा म्हणतात. आणि गाय पेंड सोडून बसण्याच्या कितीतरी आधी दूध ही बातमी देतं.

हा लेख प्रामुख्याने एचएफ आणि एचएफ संकरित गायींसाठी आहे. जर्सी, देशी गायी आणि म्हशींना हेच आकडे जसेच्या तसे लावू नका. त्याचं कारण पुढे येईल.

दुधात बदलतं काय?

व्यायल्यावर दूध झपाट्याने चढतं, भूक मात्र मागून रेंगाळत येते. दूध साधारण सहा-आठ आठवड्यांत शिखरावर पोचतं. खाणं पूर्ण लयीत यायला त्याहून काही आठवडे जास्त लागतात. मधली तूट शरीर चरबी मोडून भरून काढतं. ही चरबी रक्तातून यकृताकडे जाते. यकृताला ती सगळी जाळता आली नाही की तिचे कीटोन होतात: बीएचबी (बीटा-हायड्रॉक्सीब्युटिरेट), ॲसिटोॲसिटेट आणि ॲसिटोन. यातला मोठा वाटा बीएचबीचा.

दुधात याच्या चार खुणा उमटतात.

फॅट वाढते, कारण रक्तात फिरणारी चरबी कास उचलते आणि थेट दुधात घालते.

प्रोटीन घटतं. पोटातल्या जंतूंना पिष्टमय खाद्य पुरेसं मिळालं नाही की ते कमी वाढतात, आणि गायीच्या दुधातल्या प्रोटीनचा मोठा कच्चा माल म्हणजे हे जंतूच.

लॅक्टोज (दुधातली साखर) किंचित उतरतं, कारण ते ग्लुकोजपासून बनतं आणि ग्लुकोजचाच तुटवडा असतो. हा बदल लहान असतो, एकट्या त्यावर विसंबू नका.

आणि कीटोन स्वतःच दुधात उतरतात, पण रक्तापेक्षा कितीतरी कमी प्रमाणात. म्हणून दुधासाठी वेगळी, जास्त संवेदनशील चाचणी-पट्टी लागते.

थोडक्यात, पहिल्या दोन-तीन खुणा संशय घेण्यासाठी आणि चौथी खात्री करण्यासाठी. हा क्रम उलटा करू नका.

नमुना घेणं: निम्म्या चुका इथेच होतात

संकलन केंद्राची स्लिप कॅनची असते, गायीची नसते. दहा गायींच्या एकत्र दुधात एका गायीची वाढलेली फॅट बुडून जाते. त्यामुळे व्यायलेल्या प्रत्येक गायीचा नमुना वेगळा काढावा लागतो. त्यासाठी ५० मिलीची झाकणाची स्वच्छ बाटली पुरते. बाटलीवर गायीचा नंबर, तारीख, व्यायल्याचा कितवा दिवस आणि सकाळ की संध्याकाळ, एवढं धार काढण्याआधीच लिहून ठेवा.

१. पाचव्या दिवसाआधी फॅट-प्रोटीन मोजू नका. चिकात प्रोटीन इतकं जास्त असतं की फॅट-प्रोटीन गुणोत्तराला (फॅट भागिले प्रोटीन) काही अर्थच राहत नाही.

२. त्या वेळची संपूर्ण धार एका बादलीत काढा. पहिल्या धारेत फॅट फार कमी आणि शेवटच्या धारेत फार जास्त असते, एकाच कासेत कित्येक पट फरक पडतो. सुरुवातीची धार बाटलीत धरली तर आजारी गाय निरोगी ठरेल. शेवटची धरली तर निरोगी गाय आजारी ठरेल.

३. वासरू सोडत असाल तर पान्हा येण्यापुरतं सोडून बाजूला घ्या आणि कास पूर्ण मोकळी करा. वासरासाठी राखलेलं शेवटचं दूध हेच सगळ्यात फॅटचं दूध असतं. ते नमुन्यात नसेल तर फॅट खोटी कमी दिसते. नमुना झाल्यावर वासराला बादलीतलं दूध पाजा.

४. बादलीतलं दूध मापाने खालून वर पाच-सहा वेळा हलवा आणि लगेच बाटली भरा. जोरात घुसळू नका. लोण्याचे कण सुटले की फॅट चुकते, फेस आला तरी चुकते.

५. सकाळ आणि संध्याकाळ, दोन्ही नमुने घ्या. दोन धारांमधलं अंतर सारखं नसेल तर फॅट वेगळी लागणारच. अंतर कमी असलेल्या वेळी ती साधारणतः जास्त दिसते.

६. त्याच वेळी चारही सडांची कासदाहाची चाचणी करून घ्या. कासदाहात लॅक्टोज आणि एसएनएफ पडतात, आणि दूध कमी झाल्याने फॅटचा आकडाही हलतो. अशा गायीच्या आकड्यावरून किटोसिस ठरवायला गेलात तर फसाल.

नमुना तासाभरात तपासता येत नसेल तर बर्फावर ठेवा. साय धरली असेल तर बाटली कोमट पाण्यात धरून दूध ३८ ते ४० अंशांपर्यंत आणा, हलकेच उलटसुलट करा आणि मशीनला लागणाऱ्या तापमानापर्यंत निवू द्या. फुटलेलं किंवा आंबूस दूध टाकून द्या, ते मशीनही खराब करतं.

मशीनवरचा प्रोटीनचा आकडा खरा आहे का?

गावोगावच्या केंद्रांवर दिसणारी बहुतेक मशीन अल्ट्रासोनिक पद्धतीची असतात. पडद्यावर फॅट, एसएनएफ, प्रोटीन, लॅक्टोज, सगळं झळकतं. पण अशा अनेक मशीनमध्ये प्रोटीन प्रत्यक्ष मोजलेलं नसतं, ते एसएनएफला ठरावीक आकड्याने गुणून काढलेलं असतं.

तुमचं मशीन काय करतं हे कळायला पाच मिनिटं पुरतात. वेगवेगळ्या गायींच्या पाच-सहा स्लिपा घ्या आणि प्रत्येक स्लिपवर प्रोटीनला एसएनएफने भागा. समजा एका गायीचा एसएनएफ ८.६ आणि प्रोटीन ३.१६ आहे, भागाकार ०.३६७ येतो. दुसरीचा एसएनएफ ८.१ आणि प्रोटीन २.९७, भागाकार पुन्हा ०.३६७. सगळ्या स्लिपांवर हाच आकडा येत असेल तर ते प्रोटीन हिशेबी आहे. ते एसएनएफपेक्षा वेगळं काहीच सांगत नाही.

असं असेल तर फॅट-प्रोटीन गुणोत्तराच्या मागे न लागता दोनच गोष्टी पाहा: फॅट वर, एसएनएफ खाली. तीही त्या गायीच्या मागच्या आठवड्याच्या आणि त्याच टप्प्यातल्या इतर गायींच्या आकड्यांशी ताडून. खरं प्रोटीन हवं असेल तर इन्फ्रारेड पद्धतीचं मशीन लागतं. ते सहसा मोठ्या डेअरीच्या प्रयोगशाळेत असतं. महिन्यातून एकदा ताज्या गायींचे नमुने तिथे तपासून मिळतात का, हे आपल्या डेअरीच्या पशुवैद्यकीय विभागाला विचारायला हरकत नाही. कॅनडा आणि नेदरलँड्समध्ये गायींच्या नियमित दूधनोंदीच्या नमुन्यातूनच इन्फ्रारेडने कीटोनचाही अंदाज काढून पशुपालकाला कळवतात.

मशीन कोणतंही असो, एक नमुना दोनदा लावा. फॅटमध्ये ०.१ पेक्षा जास्त फरक आला तर तिसऱ्यांदा लावा. तरीही आकडे नाचत असतील तर दुधात हवेचे बुडबुडे आहेत किंवा मशीन धुवायला झालं आहे.

गणित

दोन वेळची सरासरी काढताना आकड्यांची नुसती बेरीज करून दोनने भागू नका, लिटरने गुणा.

सकाळी १२ लिटर, फॅट ४.२, प्रोटीन २.९५. संध्याकाळी ८ लिटर, फॅट ५.०, प्रोटीन ३.०.

फॅट: (१२ × ४.२ + ८ × ५.०) ÷ २० = ४.५२
प्रोटीन: (१२ × २.९५ + ८ × ३.०) ÷ २० = २.९७
गुणोत्तर: ४.५२ ÷ २.९७ = १.५२

निरोगी एचएफ संकरित गायीचं गुणोत्तर साधारण १.१ ते १.३ च्या दरम्यान फिरतं. १.४ च्या वर गेलं की लक्ष ठेवायचं, १.५ ओलांडलं की त्याच दिवशी कीटोनची चाचणी करायची. वरची गाय दुसऱ्या गटातली.

गुणोत्तर १.० च्या आसपास किंवा खाली आलं तर अडचण उलट्या बाजूची असू शकते: भरडा जास्त, लांब चारा कमी, आणि पोटात आम्लता. अर्थात त्याआधी नमुना पहिल्या धारेचा नव्हता ना, याची खात्री करा.

गुणोत्तर कुठे फसवतं?

फक्त गुणोत्तर पाहून औषध सुरू करू नये, कारण एकेका गायीच्या बाबतीत ते बऱ्याचदा चुकतं. बायपास फॅट (पोटातल्या जंतूंपासून सुरक्षित केलेली, खाद्यातून द्यायची चरबी) खाऊ घालत असाल तर दुधातली फॅट किटोसिसशिवायही वाढू शकते. खुराक तुटपुंजा आणि कडबाच जास्त असेल तर प्रोटीन पडून गुणोत्तर फुगतं. तापाने किंवा लंगडेपणाने दूध एकदम कमी झालं तर उरलेल्या दुधात फॅट दाटते. उलट, किटोसिस असूनही गुणोत्तर १.३ दिसणाऱ्या गायीही असतात.

म्हणून गुणोत्तराचा खरा उपयोग गोठा पाहण्यासाठी. व्यायल्यापासून दोन महिन्यांच्या आतल्या सगळ्या गायी एका वहीत मांडा. त्यातल्या बऱ्याच जणी १.४ च्या वर असतील तर दोष एका गायीत नाही, भाकड काळातल्या किंवा व्यायल्यानंतरच्या खाद्यात आहे.

जातीचं म्हणाल तर जर्सीची फॅट मुळातच जास्त असते, तिला १.४ सहज लागू शकतो. गीर, साहिवालचंही तसंच. म्हशीच्या दुधात ७ फॅट आणि ४ प्रोटीन धरलं तर निरोगी म्हशीचंच गुणोत्तर १.७५ होतं. तिथे १.५ ची रेघ लावली तर गोठ्यातली एकही म्हैस निरोगी सापडणार नाही! म्हशीत आणि देशी गायीत सरळ कीटोनची चाचणीच करा.

खात्रीची चाचणी: दुधाची बीएचबी पट्टी

दुधासाठीच बनवलेली पट्टी घ्या. मेडिकलमध्ये मधुमेही माणसांसाठी लघवीच्या कीटोन पट्ट्या मिळतात, त्या ॲसिटोॲसिटेट ओळखतात. गायीच्या लघवीत त्या कामाच्या आहेत, दुधात नाहीत. दुधात हे द्रव्य इतकं थोडं असतं की पट्टी कोरी राहते आणि आपण निर्धास्त होतो.

पट्टीची रीत अशी. डबी फ्रिजमध्ये ठेवली असेल तर आधी बाहेर काढून खोलीच्या तापमानाला येऊ द्या. लागेल तेवढीच पट्टी काढून झाकण लगेच घट्ट लावा, कारण पावसाळ्याच्या दमट हवेत उघडी राहिलेली डबी लवकर निकामी होते. पट्टीचं टोक ताज्या, कोमट दुधात तीन सेकंद बुडवा, जास्तीचं दूध झटका आणि एक मिनिट घड्याळ लावून थांबा. मग डबीवरच्या रंगपट्टीशी ताडा. थांबण्याची वेळ पट्टीगणिक वेगळी असू शकते, डबीवर लिहिलेलीच पाळा. पाच मिनिटांनी पाहिलेला रंग धरू नका, तो गडद होत जातो. आणि रंग सावलीत पण दिवसाउजेडी पाहा. पिवळ्या बल्बखाली फिका जांभळा आणि मधला जांभळा यांतला फरक कळत नाही.

दुधातल्या बीएचबीसाठी १०० मायक्रोमोल प्रति लिटर हा संशयाचा उंबरठा, २०० किंवा त्यावर आलं तर किटोसिस जवळपास नक्की. १०० वर अडलेल्या गायीची दुसऱ्या दिवशी पुन्हा चाचणी करा किंवा पशुवैद्यकाकडून रक्त तपासून घ्या. रक्तातल्या बीएचबीसाठी १.२ मिलिमोल प्रति लिटर ही सुप्त (बाहेरून लक्षणं न दिसणाऱ्या) किटोसिसची नेहमीची मर्यादा आहे. ३ च्या आसपास गेलेल्या गायींमध्ये सहसा लक्षणंही दिसू लागतात. रक्ताच्या मीटरवर दुधाचा थेंब टाकून पाहू नका, ते मीटर त्यासाठी नाही.

कासदाह झालेल्या सडाचं दूध पट्टीला खोटं पॉझिटिव्ह दाखवू शकतं, म्हणून निरोगी सडाचं दूध घ्या. पट्टीसाठी संपूर्ण धारेचा नमुना लागत नाही, ही तिची मोठी सोय. पहिले दोन-चार पिळे सोडून थोडं दूध वाटीत घेतलं की झालं.

रोथेराची चाचणी

पट्टी मिळत नसेल तर जुनी रोथेराची चाचणी आहेच, पशुवैद्यकीय दवाखान्यात ती होऊ शकते. परीक्षानळीत ५ मिली दूध घेऊन त्यात अमोनियम सल्फेट विरघळायचं थांबेपर्यंत घालतात. मग सोडियम नायट्रोप्रुसाइडच्या ताज्या ५ टक्के द्रावणाचे दोन-तीन थेंब टाकतात आणि नळीच्या कडेने साधारण १ मिली लायकर अमोनिया (अमोनियाचं तीव्र द्रावण) हळूच सोडतात. दोन थर भेटतात तिथे जांभळं कडं उमटलं की पॉझिटिव्ह. दूध फुटल्यासारखं दिसतं, त्याने घाबरू नका, कडं पाहा.

ही रसायनं प्रयोगशाळेच्या दर्जाची लागतात, खताच्या पोत्यातलं अमोनियम सल्फेट चालत नाही. नायट्रोप्रुसाइड उजेडाने बिघडतं, म्हणून ते गडद बाटलीत ठेवतात. दूधही ताजंच हवं, कारण उभ्या दुधातून ॲसिटोन उडून जातं. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ही चाचणी बीएचबी ओळखतच नाही. दुधात ती पॉझिटिव्ह येते तोवर दुखणं बरंच पुढे गेलेलं असतं. ती पॉझिटिव्ह आली तर विश्वास ठेवा, निगेटिव्ह आली म्हणून गाय सुटली असं समजू नका.

कधी तपासायचं?

व्यायल्यानंतर ५ ते ७ दिवसांदरम्यान एक पट्टी, १० ते १४ दिवसांदरम्यान दुसरी. फॅट आणि एसएनएफ किंवा प्रोटीन आठवड्यातून एकदा, ४५ दिवस. तिसऱ्या वेताच्या पुढच्या, व्यायताना अंगावर जास्त चढलेल्या, जुळी झालेल्या, वार अडकलेल्या किंवा दुग्धज्वर झालेल्या गायींना चौथ्या आठवड्यापर्यंत दर आठवड्याला पट्टी लावा.

वेळ रोज एकच धरा. खाल्ल्यानंतर चार-पाच तासांनी कीटोन वर असतात, पहाटे उपाशीपोटी कमी. एका गायीची सकाळी आणि दुसरीची दुपारी चाचणी करून तुलना करू नका. आणि मुरघासाला उग्र, कुजकट लोण्यासारखा वास येत असेल तर आधी तो बंद करा. नीट न दाबलेल्या, ओल्या मुरघासात ब्युटिरिक आम्ल तयार होतं आणि ते गायीच्या शरीरात थेट बीएचबी बनतं. अशा गोठ्यात एकाच आठवड्यात चार गायी पॉझिटिव्ह येतात आणि चौघींना औषध देऊनही फरक पडत नाही, कारण मुरघासाचा खड्डा तोच चालू असतो.

पॉझिटिव्ह आली तर

आधी गायीकडे पाहा. पेंड नको पण कडबा चघळते, शेण घट्ट आणि वरून चकचकीत, पोटाचा डावा खळगा आत गेलेला, श्वासाला नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास: ही किटोसिसची नेहमीची मांडणी. पण ताप, गर्भाशयाचा दुर्गंधीयुक्त स्राव, लंगडेपणा किंवा डाव्या बरगडीवर टिचकी मारल्यावर स्टेथोस्कोपमधून धातूसारखा आवाज असेल, तर किटोसिस हे मागून आलेलं दुखणं आहे. गाय दुसऱ्या कारणाने खात नव्हती म्हणून चरबी वितळली. तिथे पशुवैद्यक मूळ दुखणं शोधतील, नुसतं सलाइन लावून भागत नाही.

लक्षणं नसलेल्या, चालत्या-खात्या गायीला पशुवैद्यकाच्या सल्ल्याने प्रोपिलीन ग्लायकॉल दिवसातून एकदा साधारण ३०० मिली, तीन ते पाच दिवस पाजतात. जनावरांसाठीचंच घ्या. गाडीच्या कूलंटमध्ये असतं ते इथिलीन ग्लायकॉल, नाव जवळचं असलं तरी ते विष आहे. पाजताना मान फार उंच करू नका, जीभ ओढू नका, गाय खोकली की थांबा. श्वासनलिकेत गेलेलं औषध किटोसिसपेक्षा लवकर मारतं. मात्रा दुप्पट केल्याने गाय लवकर बरी होत नाही, ती झिंगते.

गूळ पाजण्याची पद्धत घरोघरी आहे. गूळ पोटातच आंबतो, त्यातली साखर रक्तापर्यंत साखर म्हणून फारशी पोचत नाही, आणि आंबताना ब्युटिरिक आम्लही तयार होतं. चवीपुरता गूळ खाद्यात चालेल, औषध म्हणून तो विसंबण्याजोगा नाही.

गाय खाणं टाकून बसली असेल, अडखळत असेल, स्वतःला किंवा गव्हाणीला चाटत सुटली असेल, तर घरचे उपाय न करता शिरेतून डेक्स्ट्रोज देण्यासाठी पशुवैद्यकांना त्याच दिवशी बोलवा.

उपचार संपल्यावर दुसऱ्या दिवशी पट्टी पुन्हा लावा आणि पाच-सहा दिवसांनी आणखी एकदा. पट्टी निगेटिव्ह आली तरी फॅट लगेच उतरेल असं नाही, एसएनएफ वर यायलाही आठवडा-दीड आठवडा लागतो. वहीत त्या गायीच्या नावापुढे एक खूण करा. पुढच्या वेळी ती आटवायच्या आधीच तिचं अंग पाहा. पाठीचा कणा आणि शेपटीच्या मुळाजवळची हाडं चरबीत बुडलेली असतील तर खुराक दूध चालू असतानाच आवरता घ्या, कारण भाकड काळात बारीक करायला गेलात तर चरबी तेव्हाच वितळायला लागते आणि गाय व्यायच्या आधीच किटोसिसच्या वाटेला लागते.